मतदान यंत्राला टॉवर लागत नाही

आमच्या गडचिरोलीत मोबाईलच्या रेंजला 'टॉवर' म्हणतात. 'टॉवर आहे का?', 'टॉवर गेला', 'टॉवरात जाऊन बोलतो'. जंगलातल्या आमच्या गावात टॉवर म्हणजे तीन जागा: शाळेच्या मागची भिंत, रस्त्याच्या वळणावरचं मोहाचं झाड आणि, वारं बरोबर असेल तर, पाण्याची टाकी. सरकारलाही आता आमच्याशी बोलायचं असेल तर या तीन जागांवरूनच बोलावं लागतं.

माझी वहिनी रोजगार हमीच्या कामावर मेट होती. म्हणजे हजेरी घेणं तिचं काम. 1 जानेवारी 2023 पासून सार्वजनिक कामांवर ही हजेरी एनएमएमएस नावाच्या ॲपवर घेणं देशभर सक्तीचं झालं. दिवसातून दोन फोटो. सकाळी कामावर आलेल्यांचा एक, चार तासांनी दुसरा. फोटोवर वेळ आणि ठिकाण आपोआप उमटतं. कागदी हजेरीपटातला घोळ थांबावा, हा हेतू. हेतूबद्दल माझं भांडण नाही. न आलेल्या माणसांच्या नावावर पैसे उचलले जायचे, हे आमच्याकडे कुणाला नवीन नाही. आणि हेही खरं, की रोजगार हमीचे हजेरीपट वेबसाईटवर कुणालाही बघता यायचे. चंद्रपूरला कॉलेजात असताना खोलीवर बसून मी आमच्या गावाचा हजेरीपट वाचायची. इंटरनेटने दिलेला तो अधिकार मोठाच होता.

पण गंमत बघा. नक्षलग्रस्त भागातल्या 2,343 ठिकाणचे टूजी टॉवर फोरजी करायला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2022 मध्ये मंजुरी दिली. म्हणजे अशा भागांत टूजीच आहे, हे दिल्लीला माहीत होतं. तरी टॉवर सुधारून होण्याची वाट न पाहता आठ महिन्यांत ॲप सक्तीचं झालं.

2023 च्या मे महिन्यात तलावातला गाळ काढायचं काम चालू होतं. त्या दिवशी 14 बायका होत्या. फोटो दोन्ही काढले. टॉवर नसेल तर फोटो फोनमध्ये साठवून नंतर चढवायची सोय ॲपमध्ये होती. म्हणून काम सुटल्यावर वहिनी उन्हात मोहाच्या झाडापर्यंत चालत गेली. गोल फिरत राहिला. संध्याकाळी परत गेली, पुन्हा गोल. दुसरा फोटो चढलाच नाही आणि त्या दिवसाची हजेरी लागली नाही. तेव्हा मजुरी 273 रुपये होती. 14 बायकांचे 3,822 रुपये.

दुसऱ्या दिवशी एक बाई वहिनीला म्हणाली, "फोटो नाही चढला त मंग आमी आलोच नाही का?"

अशा वेळी जिल्ह्याचे अधिकारी हाताने हजेरी लावू शकतात, असा नियम होता. त्यासाठी अर्ज हवा. कार्यालयात जायचं तर एक दिवस मोडतो, बसचं भाडं जातं आणि साहेब भेटतीलच याची खात्री नाही. बायकांनी हिशोब केला आणि विषय सोडून दिला. कुणी कुणाचे पैसे खाल्ले नाहीत. पैसे फक्त मिळाले नाहीत.

आणि ज्यांच्यासाठी ॲप आणलं, ते चोर? जुलै 2025 मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेच पत्र काढून सांगितलं, की हजेरी म्हणून भलतेच फोटो चढवले जातात, फोटोचाच फोटो काढून लावला जातो. उपाय काय? माणसांनी फोटो तपासावेत. लबाडाला टॉवर सापडला, आमच्या वहिनीला सापडला नाही.

मोबाईलची एक साधी गोष्ट आहे. टॉवरची ताकद मोठी, फोनची छोटी. म्हणून कमकुवत रेंजमध्ये वरून खाली येणारं येतं, खालून वर जाणारं अडकतं. पुढाऱ्यांचं इंटरनेटही असंच आहे. त्यांचं भाषण, वाढदिवसाचं बॅनर, उद्घाटनाचं रील मोहाच्या झाडाखाली बरोबर उतरतं. आमचा फोटो वर चढत नाही.

यात तंत्रज्ञानाला दोष देऊन भागणार नाही, कारण मनात आलं की सरकार टॉवरशिवायही येतं. 2024 च्या जुलैमध्ये लाडकी बहीण योजना सुरू झाली. विधानसभा निवडणूक चार महिन्यांवर होती. तेव्हा ज्यांना ऑनलाईन जमत नव्हतं, त्यांचे कागदी अर्जही अंगणवाडी सेविकांनी घेतले आणि स्वतः ऑनलाईन भरले. निवडणूक झाली. सप्टेंबर 2025 मध्ये त्याच बहिणींना ई-केवायसी करायला सांगितलं. आता ओटीपी स्वतःचा, शिवाय नवऱ्याचा किंवा वडिलांचाही, आणि शोधायचा आपणच.

त्याहून मोठं उदाहरण मतदानाचं. 19 एप्रिल 2024 ला गडचिरोली-चिमूर मतदारसंघात लोकसभेचं मतदान झालं. दुर्गम केंद्रांवर कर्मचारी आणि यंत्रं हेलिकॉप्टरने नेली. सुमारे 72 टक्के मतदान झालं. मतदान यंत्राला टॉवर लागत नाही. बोटाला शाई, यादीवर सही किंवा अंगठा, समोर बसलेले पक्षांचे प्रतिनिधी, एवढ्यावर देशाचं सरकार ठरतं. बाई केंद्रावर आली होती, याला चार माणसांची साक्ष पुरते. तीच बाई तलावावर आली होती, याला पुरत नाही.

मत घ्यायचं तेव्हा यंत्र माणसाकडे जातं. मजुरी द्यायची तेव्हा माणसाला यंत्राकडे जावं लागतं.

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने रोजगार हमीचा जुना कायदा बदलून नवा आणला. दिवस 100 चे 125 झाले आणि बायोमेट्रिक ओळख, मोबाईलवरची देखरेख हे आता कायद्यातच आलं. माझी मागणी छोटी आहे. फोटो काढा, बोटं घ्या, चेहरा घ्या. पण टॉवर गेला तर त्या दिवसाची हजेरी कामावरच्या सगळ्यांच्या सहीने धरली जावी, ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी आणि ती खोटी आहे हे सिद्ध करायचं काम सरकारचं असावं. अर्ज घेऊन बसने जायची पाळी एकदा त्यांच्यावर येऊ द्या.