दोन ग्रॅमचा प्रश्न

संपादकांनी पत्रात विचारलं होतं, ‘किराणा दुकान टिकेल का? यावर लिहा.’ दिवाळी अंकासाठी हा प्रश्न दरवर्षी कुणाला तरी विचारला जातो आणि उत्तरंही ठरलेली असतात. एकजण दहा मिनिटांत घरपोच येणाऱ्या मालाची भीती घालतो, दुसरा उधारीच्या वहीचं आणि आपुलकीचं कौतुक करतो. माझं काम रोजच्या वापराच्या मालाची किंमत आणि पाकिटाचं वजन ठरवण्याचं. आधी मोठ्या कंपन्यांसाठी केलं, आता पश्चिम महाराष्ट्रातल्या लहान उत्पादकांसाठी करतो. दुकानाचं भवितव्य मला पाकिटाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत छापलेल्या एका आकड्यात दिसतं. तो आकडा कुणी वाचत नाही. वाचला तरी उपयोग होऊ नये अशा पद्धतीने तो छापला जातो, आणि हे कायद्याला धरूनच होतं.

गेल्या वर्षीची एक केस अजून डोक्यातून जात नाही. ३ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटी परिषदेने दर कमी केल्याचं जाहीर केलं आणि घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबरला, नवे दर लागू झाले. साबण, टूथपेस्ट, शाम्पू, बिस्किटं अठरा टक्क्यांवरून पाचवर आली, पाकीटबंद फरसाण बारावरून पाचवर. मधल्या तीन आठवड्यांत दुकानदारांनी माल उचलणंच थांबवलं होतं. वितरकांच्या गोदामात जुन्या किमतीचा माल पडून, आणि ऐन सणाच्या तोंडावर सेल्समन रिकामी ऑर्डर बुकं घेऊन परत येत होते. त्याच गडबडीत माझ्याकडे येणारे एक फरसाणवाले कारखानदार कागद घेऊन आले. त्यांचा सगळा धंदा दहा रुपयांच्या पाकिटावर. दुकानाच्या दारात ज्या माळा लटकतात, त्यांतलं पाकीट. वजन ३० ग्रॅम. प्रश्न एवढाच, की आता किती करायचं.

हिशेब सोपा वाटतो. दहा रुपयांत बारा टक्के कर धरला तर मूळ किंमत ८ रुपये ९३ पैसे. तिच्यावर पाच टक्के लावले की होतात ९ रुपये ३७ पैसे आणि वर थोडं. ही किंमत पाकिटावर छापली तर दुकानदार सुटे कुठून देणार? पंचवीस पैशांचं नाणं जून २०११ अखेर चलनातून गेलं आणि पन्नास पैसे कायद्याने चालत असले तरी गल्ल्यात नाहीत. पाच रुपयांच्या बिस्किटांच्या काही पुड्यांवर त्या दिवसांत ४ रुपये ४५ पैसे छापून आलं आणि लोकांना गंमत वाटली, पण तो अठरावरून पाचचा चोख हिशेब होता. नाण्याला खिळलेल्या किमतीत दुसरा मार्ग एकच उरतो, तो म्हणजे किंमत दहाच ठेवून वजन वाढवायचं. तीस ग्रॅमचे बरोबर बत्तीस ग्रॅम होतात. ग्राहकाचे हक्काचे दोन ग्रॅम.

कारखानदार म्हणाले, “साहेब, दोन ग्रॅम गिऱ्हाईक मोजणार कुठं?”

प्रश्न लबाडीचा नव्हता, त्यांची अडचण खरी होती. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून वीस टक्क्यांवर नेलं होतं, पुढे मे २०२५ अखेर ते दहावर आणलं. तळणाच्या धंद्यात तेल हाच मोठा खर्च. त्या काळात त्यांनी पाकीट ३४ ग्रॅमवरून ३० वर आणलं होतं, तेव्हाही कुणी मोजलं नव्हतं. आता कर उतरला म्हणून दोन ग्रॅम परत द्यायचे, तर मधल्या काळात सोसलेला तोटा कुठे मांडायचा?

त्यात आणखी एक गुंता, जो वर्तमानपत्रांत फारसा आलाच नाही. थोडा किचकट आहे, पण तो कळल्याशिवाय लहान उत्पादकाची अडचण कळत नाही. विक्रीवरचा कर पाच टक्क्यांवर आला, तरी पाकिटाच्या फिल्मवर अठरा टक्केच राहिला. गाळ्याचं भाडं, जाहिरात, यंत्राची दुरुस्ती यांवरही अठरा. पूर्वी विक्रीच्या बारा टक्क्यांतून हा सगळा आधी भरलेला कर वळता होऊन जायचा. आता पाच टक्क्यांत तो मावत नाही, साचत जातो. फिल्मसारख्या मालावरचा साचलेला कर परत मागता येतो. सेवांवरचा येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये हा भेद वैध ठरवला. म्हणजे भाड्यावरचा कर उत्पादकाच्या अंगावर पडतो. मोठ्या कंपनीकडे पाच आणि अठरा टक्क्यांच्या पन्नास वस्तू असतात, ती इकडचं तिकडे वळवते. एकच फरसाण विकणाऱ्याला ती सोय नाही. म्हणून कागदावरचे दोन ग्रॅम प्रत्यक्षात त्यांना दीडच्याही आतच परवडत होते.

लोक मात्र दोनच गोष्टी बोलतात. एक, छापील किंमत सरकार ठरवतं. दोन, महाग विकतो तो दुकानदार. दोन्ही चुकीचं आहे आणि व्याख्यानांत सांगून सांगून मी थकलो आहे. छापील किंमत उत्पादक ठरवतो, सरकार फक्त ती छापायला लावतं आणि तिच्यावर विकू देत नाही. दुकानदाराला नावाजलेल्या साबणावर माझ्या अनुभवात शेकडा आठ-दहाच्या पुढे काही सुटत नाही, आणि त्यातच वीजबिल, उधारी, उंदराने कुरतडलेला माल. थंड बाटलीवर त्याने दोन रुपये जास्त घेतले तर तक्रार होते, आणि व्हायलाच हवी. पण तीच बाटली ॲपवरून मागवली की बिलात ‘हाताळणी शुल्क’ अशी वेगळी ओळ येते. वस्तू छापील किमतीत, शुल्क वेगळं. शेवटच्या पायरीवर शुल्क उघड करण्याच्या प्रकाराचा केंद्राच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या रचनांमध्ये समावेश आहे. तरी हाताळणी शुल्क भरणारा माणूस ॲपला महाग म्हणत नाही, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला म्हणतो.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या विषयाकडे येतो. वजन आणि किंमत यांचं नातं आपल्या कायद्याने फार वर्षं सांभाळलं होतं. पाकीटबंद मालाच्या नियमांना एक दुसरी अनुसूची होती. बिस्किटं, चहा, कॉफी, साबण, मीठ, तूप, खाद्यतेल, दुधाची भुकटी अशा रोजच्या वस्तू ठरावीक वजनांतच भरायच्या, असा तिचा अर्थ. वजन ठरलेलं असल्याने माणसाला फक्त किंमत बघावी लागे. शंभर ग्रॅम शेजारी शंभर ग्रॅम, कोणता स्वस्त ते लहान मुलालाही कळे. नोव्हेंबर २०२१ च्या दुरुस्तीने ती अनुसूची काढून टाकली आणि तिच्या जागी एकक विक्री किंमत आणली, म्हणजे दर ग्रॅमला, दर किलोला किंवा दर नगाला किती पडतं तो आकडा.

उद्योगाची बाजू मला माहीत आहे, मी ती बैठकांमध्ये मांडलेली आहे. कच्चा माल महागला की ठरलेल्या वजनात किंमत सात रुपये, अकरा रुपये अशी होते, सुट्ट्यांचा घोळ होतो, गरीब गिऱ्हाईक तुटतं. खरं आहे. बाहेरही पाकिटांच्या आकाराची बंधनं सैल झाली. पण युरोपात ती सैल करताना दुकानाच्या फळीवर किलोचा भाव लावण्याची सक्ती कायम होती. फ्रान्सने तर जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना आणखी एक बंधन घातलं. किंमत तीच ठेवून वजन घटवलं असेल तर तशी पाटी त्या वस्तूजवळ दोन महिने लावायची. आपण सैलपणा घेतला आणि फळीवरची पाटी सोडून दिली.

शिवाय आकडा छापायचा कसा ते पाहा. वजन किलोच्या आत असेल तर भाव दर ग्रॅमला, दोन दशांशांपर्यंत. आमचं ३० ग्रॅमचं पाकीट म्हणजे प्रति ग्रॅम ०.३३ रुपये. बत्तीस ग्रॅमचं केलं तर ०.३१. या दोन पैशांवरून कोण काय ओळखणार? तेच किलोच्या भावात मांडा. ३३३ रुपये किलो आणि साधारण ३१३ रुपये किलो. वीस रुपयांचा फरक. बाजारात शेंगदाण्याचा भाव विचारून पुढच्या दुकानात जाणाऱ्या बाईला हा फरक एका नजरेत कळेल. तिला पोह्यांचा भाव पाठ असतो, डाळीचा पाठ असतो, गेल्या महिन्यात काय होता तोही सांगते. तिच्या पोराच्या हातातलं पाकीट तिला किलोला कितीला पडलं हे मात्र तिला माहीत नसतं. कारण तिच्या भाषेतला भाव तिच्यासमोर कुणी ठेवलेला नाही. पुण्या-मुंबईच्या ग्राहक पंचायतींनी सत्तरीच्या दशकात ज्या बायकांना हिशेब विचारायला उभं केलं, त्यांच्याच लेकी-सुना आज या आकड्यावरून नजर न थांबवता पुढे जातात. त्यांना दोष देणाऱ्यांचा मला राग येतो.

आणि अजून एक. लहान पाकिटाच्या वजनात कायद्याने काही चूक माफ असते. ५० ग्रॅमपर्यंत नऊ टक्के. म्हणजे ३० ग्रॅमच्या एखाद्या पाकिटात २.७ ग्रॅम कमी भरलं तरी ते पाकीट दोषी ठरत नाही, फक्त तपासलेल्या नमुन्याची सरासरी छापील वजनाखाली जाता कामा नये. मी दोन ग्रॅमसाठी भांडत होतो आणि यंत्राला माफ असलेली चूकच त्याहून मोठी होती. नफेखोरीची तक्रार करायची सोयही उरली नव्हती. कर कमी झाल्याचा फायदा ग्राहकाला दिला नाही म्हणून जीएसटी कायद्याखाली नवी तक्रार घेणं १ एप्रिल २०२५ पासूनच बंद झालं होतं. राहिली ती ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे फोन करून कोण म्हणणार, की माझे दोन ग्रॅम राहिले?

किराण्याच्या प्रश्नाशी याचा संबंध आता येतो. १ जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही वस्तूंचा पुरवठा थांबवला होता. त्यांचं म्हणणं साधं होतं. घाऊक ऑनलाइन मंचांना जो भाव मिळतो तो आम्हाला का नाही? दुकानदाराने मोबाइल दाखवून ‘तुमच्यापेक्षा इथे स्वस्त’ म्हटलं की सेल्समनला तोंड उघडता येत नव्हतं. तेव्हापासून एक गोष्ट मी जवळून पाहतो आहे. एकाच वस्तूला दोन भाव देणं अवघड झालं, की वस्तूच दोन केल्या जातात. मॉलसाठी वेगळं वजन, किराण्यासाठी वेगळं, ॲपसाठी तीन पाकिटांचा जोड. वजन एकसारखं नसल्याने तुलना होत नाही, तुलना नाही म्हणून भांडणही नाही. ही रचना करणारी माणसं हुशार आहेत, माझ्यासोबत काम केलेली आहेत, आणि त्यांच्या कौशल्याचा मला आदर आहे. पण तिचा मार कोपऱ्यावरच्या दुकानदाराला बसतो. त्याचा माल खरोखर स्वस्त पडत असला तरी ते सिद्ध करायचं साधन त्याच्याकडे नाही. दहा मिनिटांत माल पोचवणाऱ्यांशी तो वेगात जिंकणार नाही. भावात मात्र अनेक वस्तूंत तो आजही बरोबरीला आहे. फळीवर किलोचा भाव लागला, ॲपच्या पडद्यावर तोच तितक्याच मोठ्या अक्षरांत लागला, तर हे उघड दिसेल. किराणा वाचवायला अनुदान नको, एवढं पुरे.

आमच्या कारखानदारांनी अखेर ३२ ग्रॅम केले. मी आग्रह धरला, आणि हिशेब बघणाऱ्या त्यांच्या सूनबाईंनी माझी बाजू घेतली. तोटा दोन तिमाहींत कसा भरून काढायचा तेही त्यांनीच मांडून दाखवलं. विक्री वाढली नाही, घटलीही नाही. त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या फरसाणवाल्याने वजन तेच ठेवलं आणि वाचलेल्या पैशांतून दुकानदाराला डझनावर एक पाकीट फुकट दिलं. काही दुकानांत आमच्या माळा मागच्या खिळ्यावर गेल्या.

फिल्मचा जुना साठा संपत आला आहे, छपाईचे नवे सिलिंडर कोरायला द्यायचे आहेत. दर्शनी बाजूला, नावाखालीच ‘किलोला ३१३ रुपये’ असं ठळक छापावं असं माझं म्हणणं आहे. त्यांच्या मुलाला ते मान्य नाही. तो म्हणतो, आपण ३१३ छापलं आणि शेजारच्याने काहीच छापलं नाही, तर गिऱ्हाईक आपल्यालाच महाग समजेल. त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. हे एकट्याने करण्यासारखं नाही, सगळ्यांना एकाच दिवशी लागू होणारा नियमच लागेल. वैधमापन शास्त्र विभागाला पाठवायच्या निवेदनाचा मसुदा मी तयार केला आहे. त्यावर सह्या करायला आतापर्यंत लहान उत्पादक तयार झाले आहेत, मोठ्यांपैकी कुणी नाही.