एकक नसलेला आकडा

इंजिनिअरिंग केलेल्यांना रेनॉल्ड्स नंबर आठवत असेल. पाईपमधलं पाणी शांत वाहणार की घुसळत, हे सांगणारा आकडा. त्याला मीटर नाही, किलो नाही, काहीच नाही. मला हे बिनएककाचे आकडे फार आवडायचे.. कुठल्याही मोजपट्टीने मोजा, उत्तर तेच!

बारावीनंतर मला खरं तर फिजिक्सच करायचं होतं. घरी ठरलं, "आधी नोकरी लागेल असं काहीतरी शिक, तारे काय पळून जातायत?" पळाले नाहीत हे खरंय. म्हणून तर शनिवारी एक्सेल उघडून त्यांचा हिशोब मांडत बसतो.

या शनिवारचा आकडा सॉमरफेल्ड पॅरामीटर. दोन अणुकेंद्रकांतल्या प्रोटॉनच्या संख्यांचा गुणाकार करा, प्रकाशाच्या वेगाने गुणा, केंद्रकं एकमेकांकडे ज्या वेगाने येतायत त्याने भागा, मग १३७ ने भागा. झालं.

सूर्याच्या गाभ्यात तापमान साधारण दीड कोटी अंश. पण प्रोटॉन एकमेकांना इतके ढकलतात, की जुन्या भौतिकशास्त्राप्रमाणे तिथे ते जुळायलाच नकोत. १९२८ मध्ये जॉर्ज गॅमोने दाखवलं, की क्वांटम नियमांनुसार कण भिंत न चढताही आरपार जाऊ शकतो. १९२९ मध्ये ॲटकिन्सन आणि हाउटरमन्स यांनी ते ताऱ्यांना लावलं. आरपार जायची शक्यता कमीजास्त होते ती या आकड्यावर. त्याला २π ने गुणायचं, आणि तो ई च्या ऋण घातांकात बसवायचा.

घातांक! म्हणजे बघा, प्रकाशाच्या अर्धा टक्का वेगाने येणाऱ्या दोन प्रोटॉनसाठी घातांक साधारण ९, शक्यता ८ हजारांत एक. वेग निम्मा केला तर साडेसहा कोटींत एक. दुप्पट केला तर नव्वदात एक.

आता दोन कार्बन घ्या. ६ गुणिले ६, म्हणजे त्याच वेगाला घातांक ३६ पट. म्हणून तारा आधी हायड्रोजन जाळतो, गाभा १० कोटी अंशांच्या आसपास तापला की हेलियम. त्यातून कार्बन होतो. कार्बन पेटायला त्याहून कितीतरी जास्त तापमान लागतं, सूर्याएवढ्या ताऱ्याचा गाभा तिथवर पोचतच नाही. आपल्या अंगातला कार्बनही असाच कुठल्यातरी ताऱ्यात जळायचा राहून गेलेला.

असो. उद्या रविवार, हेलियमचा हिशोब बाकी आहे. परवा ऑफिस आहेच!