दुसरा मिक्सर

"मिक्सर घ्यावा म्हणतेय," एका संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता मी म्हटलं. ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "का? आपला बिघडला?" आणि आतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, पाटा-वरवंटा आहे की घरात!"

मैत्रिणींनो, तुमच्याही घरी असाच घोटाळा होईल म्हणून आधीच खुलासा करते. मी म्हणतेय तो चटणी वाटायचा मिक्सर नव्हे. भजनाच्या कार्यक्रमात माइकवाल्याच्या पुढ्यात बटणांची एक पेटी असते ना, तो. चार-सहा माइकांचे आवाज त्या पेटीत शिरतात, ती त्यांचं प्रमाण ठरवते आणि सगळ्यांचा मिळून एक आवाज स्पीकरकडे धाडते. तिलाही मिक्सरच म्हणतात. आणि ही पेटी आपण बायकांनी घ्यावी, आपणच चालवावी, असं माझं मत कसं झालं तेच आज सांगायचं आहे.

आमचं अकराजणींचं भजनी मंडळ. त्यात सर्वांत वडील आमच्या सासूबाई, वय अठ्ठ्याहत्तर. आवाज आता बारीक झालाय, पण सूर जागचा हलत नाही. गेल्या चातुर्मासात देवळात आमचा कार्यक्रम होता. माइकवाला नेहमीचाच, भाड्याचा. सासूबाईंनी अभंग सुरू केला आणि पेटी-तबल्याच्या गदारोळात त्यांचा आवाज कुठे बुडाला ते कळेना. माइकवाल्याने त्यांचा माइक वाढवला, तशी कर्कश शिट्टी वाजली. त्याने कमी केला, पुन्हा आवाज गडप. असं तीनदा झालं. अभंग संपल्यावर त्यांनी मागे वळून विचारलं, "ऐकू आलं ना गं?" आम्ही सगळ्या एका सुरात म्हणालो, "हो हो, छान झालं!" त्या काही बोलल्या नाहीत. पण पुढच्या मंगळवारी भजनाला निघायच्या वेळी म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे. मी घरीच वाती वळत बसते."

मला ते फार लागलं.

मी सकाळच्या वेळात एका शाळेत शिकवते. तिथल्या संगीताच्या सरांना हा प्रकार सांगितला, तर ते हसून म्हणाले, "बाई, त्यांचा आवाज वाढवायचाच नव्हता. पेटीचा कमी करायचा होता." स्नेहसंमेलनाचा मिक्सर शाळेत पडून होता, त्याच्यावर त्यांनी मला ते करूनच दाखवलं. माइक जास्त वाढवला की स्पीकरमधून आलेला आवाज पुन्हा त्याच माइकात शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर पडतो, पुन्हा शिरतो. शिट्टी वाजते ती या फेऱ्यांमुळे. म्हणून एखादा आवाज ऐकू येत नसला, की आधी बाकीचे खाली आणायचे. त्यासाठी प्रत्येकाला वेगळी वाट आणि वेगळं बटण हवं. मिक्सर हवा तो एवढ्यासाठी. इतकी साधी गोष्ट, पण मला चाळिशी जवळ आल्यावर कळली!

मग मंडळाच्या बैठकीत विषय काढला. शिल्लक होती चोवीस हजार. काहीजणींच्या मनात त्या पैशातून पंढरपूर-गोंदवल्याची सहल होती. खजिनदारवहिनी म्हणाल्या, "यंत्र घ्यायचं, नि मग ते चालवायला पुन्हा पुरुषच शोधायचा!" बोलणं खोटं नव्हतं. मी वहीत हिशेब मांडला. माइकवाला एका वेळचे अडीच हजार घेतो आणि वर्षाला आमचे सात-आठ कार्यक्रम होतात. म्हणजे दीड वर्षाच्या आतच पैसे फिटत होते. आणि चालवायचं मी शिकेन, असा शब्द दिला. सहल पुढच्या वर्षावर गेली. आता चूक करून चालणार नव्हतं, कारण पैसा सगळ्यांचा होता.

तेव्हा जे शिकले ते क्रमाने सांगते. तुमच्या मंडळाला, शाळेला, नाहीतर गाणाऱ्या लेकीला उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे, दुकानात जाण्याआधी तोंडं मोजा. पानं किती मांडायची ते ठरल्याशिवाय आपण कणीक भिजवत नाही, तसंच हे. आमच्यात मुख्य गाणारीला एक माइक, मागे म्हणणाऱ्या चौघींत मिळून एक, पेटीला एक, तबल्याला एक. टाळांना माइक लागतच नाही, ते आपले आपण पुरून उरतात. झाले चार. शिवाय तानपुरा आता आम्ही मोबाइलवर लावतो, त्याला एक साधी वाट.

दुसरं, खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. मी पुण्याला नणंदेकडे गेले तेव्हा तपकीर गल्लीत चौकशी केली. 'बारा चॅनेल' म्हटल्यावर मला वाटलं, बारा माइक! तसं नसतं. मोबाइल किंवा कीबोर्डची डावी-उजवी अशी जोडी जिथे लागते ती एक जागा दोन म्हणून धरतात. त्यामुळे बेहरिंगरच्या झेनिक्स १२०२ च्या नावात १२ असले तरी माइकच्या जागा चारच. यामाहाच्या एमजी १० मध्येही चारच. एमजी ०६ आणि झेनिक्स ८०२ यांत दोन. म्हणून दुकानदाराला प्रश्न एकच विचारा, "माइक किती लागतील?" आणि जाड, गोल, तीन टाचण्यांच्या माइकच्या जागा स्वतः बोटाने मोजा. आमच्यापुढे सोळाचा मिक्सर ठेवून "पुढे उपयोगी पडेल" असं सांगण्यात आलं. आमच्या अकराजणींना पुढे कोण येऊन मिळणार होतं? उरलेल्या बटणांवर धूळच बसली असती.

तिसरं, तुमच्या स्पीकरच्या पोटात अँप्लिफायर आहे का ते बघा. स्पीकरला स्वतःची विजेची वायर असली की तो बहुधा आतच असतो, मग साधा मिक्सर पुरतो. देवळातले आमचे दोन स्पीकर तसेच निघाले. नसेल तर अँप्लिफायर वेगळा घ्यावा लागतो, नाहीतर तो आत बसवलेला मिक्सर मिळतो. तो जड आणि महाग. हे न विचारता खरेदी केली की घरी आल्यावर पेटी मुकी बसते.

चौथं, '४८ व्होल्ट' लिहिलेलं एक बटण. ध्वनिमुद्रणाचे नाजूक कंडेन्सर माइक असतात, त्यांना तेवढी वीज वायरीतूनच पुरवावी लागते. हातात धरून गातात त्या साध्या डायनॅमिक माइकांना ती लागत नाही. १९६६ पासून मंचामंचावर दिसणारा शुअरचा एसएम ५८ हा त्या साध्यातलाच. छोट्या मिक्सरवर हे एकच बटण सगळ्या माइकांना मिळून असतं. ते चालू असताना माइक काढू-घालू नये, एवढं लक्षात ठेवा.

पाचवं, घरी ध्वनिमुद्रण करायचं असेल तर 'यूएसबी' असलेला घ्या. एका वायरीने तो संगणकाला जोडता येतो. यामाहाच्या नावात शेवटी 'एक्सयू' असतं, त्यातला एक्स म्हणजे आवाजाला घुमारा देण्याची सोय आणि यू म्हणजे यूएसबी. मात्र स्वस्त मिक्सर संगणकाकडे सगळे माइक वेगवेगळे पाठवत नाहीत. सगळ्यांचं मिळून झालेलं डावं आणि उजवं, असे दोनच आवाज जातात. कालवलेल्या भातातून मीठ परत काढता येत नाही, तसंच नंतर पेटी कमी करायची म्हटली तर होत नाही. प्रत्येक माइक वेगळा साठवणारे मिक्सरही मिळतात. झूमचा एल-८ त्यातला, तो छोट्या कार्डावर सगळे वेगळे उतरवून घेतो. पण आमच्या बटव्याला ते पेलणारं नव्हतं.

कोणता घेतला, असं विचाराल. चार माइकांचा, यूएसबीवाला. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण तुमची तोंडं तुम्ही मोजायची आहेत. जवळजवळ निम्मे पैसे त्यात गेले आणि उरलेल्यांत दोन चांगले माइक, स्टँड आणि वायरी आल्या. सगळा पैसा पेटीत घालून वायरी मात्र भिकार घेऊ नका. तीन टाचण्यांची वायर घेतलीत तर वाटेत शिरलेली घरघर ती स्वतःच बरीचशी कापते. नावाजलेल्या माइकांच्या नकला फार निघाल्यात, तेव्हा पावती घेतल्याशिवाय काही उचलू नका. आमच्या ओळखीच्या एकीने बिननावाचा, दिवे लुकलुकणारा मिक्सर स्वस्तात घेतला. त्यातून गाण्याआधीच मधमाश्यांचं पोळं ऐकू येतं! खरेदीच्या वेळी हेडफोन लावा, माइकचं बटण वर करा आणि कोणी काही न बोलता नुसती शांतता ऐका. स्वस्त-महागातला फरक तिथे कळतो.

चालवायचं म्हणाल तर तेही आपल्या आवाक्यातलंच आहे. सगळ्यात वरचं बटण 'गेन'चं. गाणारीला तिच्या सर्वांत चढ्या आवाजात गायला सांगायचं आणि तांबडा दिवा क्वचितच लुकलुकेल इतपतच ते फिरवायचं. ते एकदा बसलं की कार्यक्रमात त्याला हात लावायचा नाही. कमी-जास्त करायचं ते खालच्या बटणाने. साधारण ८० हर्ट्झच्या खालची घरघर कापणारं एक छोटं बटण असतं, ते गाण्याच्या माइकला दाबलेलं बरं, पंख्याची घूं-घूं आणि माइकला लागलेला धक्का कमी ऐकू येतो. घुमारा मात्र हिंगासारखा वापरायचा. स्पीकर गाणारणींच्या पुढे, तोंड श्रोत्यांकडे. त्यांच्या पाठीशी ठेवलेत की शिट्टी आलीच म्हणून समजा. चालू करताना आधी मिक्सर आणि मग स्पीकर, बंद करताना आधी स्पीकर. नाहीतर धाडकन आवाज होतो आणि अर्धी मंडळी दचकतात.

आता घरची गोष्ट. मिक्सर आला तरी सासूबाई भजनाला यायला तयार नव्हत्या. पण त्यांना जात्यावरच्या ओव्या येतात, त्यांच्या आईकडून आलेल्या. मी म्हटलं, "आई, देवळात नको तर नको. घरी तर म्हणाल?" त्या म्हणाल्या, "माझं कसलं रेकॉर्ड करतेस? त्यात काय आहे?" तेव्हा मी त्यांना हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या कामाविषयी सांगितलं. गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवल्या. २०१७ पासून 'पारी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, त्या लोकांपुढे आणते आहे. त्यातल्या काही म्हाताऱ्यांचे आवाज मोबाइलवर ऐकवले. सासूबाई कानाला हात लावून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "ही चुकलीय. आमच्याकडे अशी नाही म्हणत." माझं काम झालं!

दुपारची वेळ धरली. पंखा बंद, फ्रीज बंद. (बंद केलेला फ्रीज विसरू नये म्हणून घराची किल्ली फ्रीजमध्येच ठेवली.) शेजारी कुकरची वेळ विचारून घेतली. खिडकीवर गोधडी टांगली आणि साड्यांचं कपाट सताड उघडून त्याच्यासमोर त्यांना बसवलं. कपड्यांत आवाज जिरतो, खोलीचा घुमणारा पोकळपणा जातो. माइक तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला. तानपुरा मोबाइलवर. दोनच आवाज साठवता येतात ना? मग त्या दोनांचाच उपयोग केला. 'पॅन' नावाचं बटण असतं, त्याने सासूबाईंचा माइक पूर्ण डावीकडे नेला आणि तानपुरा पूर्ण उजवीकडे. संगणकात दोघं वेगवेगळे उतरले, नंतर हवं तसं प्रमाण ठेवता आलं. त्यांच्या कानात हेडफोनमधून तानपुरा दिला, म्हणजे तो माइकात शिरत नाही.

बावीस ओव्या झाल्या. मधेच एका ठिकाणी थांबून त्या म्हणाल्या, "ही माझ्या आईची," आणि डोळे पुसले. तेही उतरलं आहे. मी कापलेलं नाही.

रात्री सगळ्यांना ऐकवलं. ह्यांनी पेपर बाजूला ठेवला. सासूबाई स्वतःचा आवाज ऐकताना आधी लाजल्या, मग हळूच म्हणाल्या, "स्वच्छ येतंय गं."

पुढच्या मंगळवारी त्या आल्या. वाती बरोबर घेऊनच आल्या, गायच्या नाहीत असं ठरवून. मी बटणांपाशी बसले होते. दोन अभंग झाल्यावर त्यांच्यापुढे माइक ठेवला. त्यांनी सूर लावला तशी मी पेटी खाली आणली, तबला त्याहून खाली, मागच्या चौघींचा आवाज अर्ध्यावर. त्यांच्या बटणाला हातही लावला नाही. तो बारीक आवाज देवळाच्या शेवटच्या खांबापर्यंत गेला. अभंग संपला, त्यांनी मागे वळून पाहिलं. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही.

आता खजिनदारवहिनी माझ्याकडे बटणं शिकताहेत. त्यांना कानाने फार लवकर कळतं. रोज भाजीत मीठ कमी-जास्त ओळखणाऱ्या आपण, हे का नाही जमणार? तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या मंडळात कुणाचा आवाज बुडतोय ते एकदा नीट ऐका. यंत्र नंतर घ्या. आधी तोंडं मोजा.