परवाना

अब्बांच्या इंतकालानंतर तिसऱ्या दिवशी, घरात कुराणखानी सुरू असताना, चाचांनी आम्हाला बाजूला घेतलं. म्हणाले, "कपाटातली बंदूक ठाण्यात जमा कर. आजच." आम्ही म्हणालो, चालीसवा तरी होऊ द्या. "कायदा चालीसव्यासाठी थांबत नाही," ते म्हणाले. "परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही."

बंदूक मूळची दादांची. बारा बोअरची एकनळी. खाडीकाठच्या आमच्या गावात भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरत आणि दादा शेतातल्या माळ्यावर बसून हवेत बार काढत. एवढाच तिचा पराक्रम. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा व्हायची, निकालानंतर पावती दाखवून घरी यायची. एकदाच दादांनी ती कुणी न सांगता नेऊन दिली, डिसेंबर १९९२ मध्ये. बाबरी मशीद पाडल्याची बातमी रेडिओवर ऐकली, रात्रभर ओटीवर बसून राहिले आणि सकाळी बंदूक चादरीत गुंडाळून ठाण्यात गेले. ठाणे अंमलदार ओळखीचे होते. त्यांनी विचारलं, "भाई, तुम्हाला कुणी बोलावलं?" दादा म्हणाले, "बोलवायची वेळ येऊ नये म्हणून आलो." अब्बा हे सांगत तेव्हा हसत नसत. ती पावती अजून आमच्या कागदांत आहे.

वारस म्हणून परवान्यासाठी अर्ज करता आला असता. अम्मी म्हणाल्या, "पोरांना अलिफ-बे शिकवणाऱ्याच्या घरात हे कशाला?" दोन्ही आपांनी सह्या दिल्या. कोल्हापूरच्या एका परवानाधारक विक्रेत्याने गिऱ्हाईक सुचवलं : बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले एक ऊस-शेतकरी. त्यांनाही रानडुकरांचाच त्रास. म्हणजे बंदुकीचं काम बदलणार नव्हतं, फक्त राज्य बदलणार होतं.

आणि इथेच आमचं अज्ञान उघडं पडलं. आम्हाला वाटलं, व्यवहार ठरला, आता नीट बांधून पाठवून द्यायची. पार्सलच्या खिडकीवर तसं विचारलंही. खिडकीतला माणूस आधी हसला, मग आमच्या दाढीकडे पाहून हसायचा थांबला. आम्ही मुकाट्याने बाहेर आलो. बी.एड.ला हे शिकवत नाहीत.

पुढे कळलं ते असं. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ठाण्यात जमा असलेलं हत्यार मयताच्या वारसाला विकता येतं, पण ते बाळगायचा हक्क असलेल्यालाच. मुदतीत विकलं नाही तर सरकारजमा. खाजगी माणसाने विकायचं तर जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला आधी लेखी कळवायचं, घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. वारस दाखला, प्रतिज्ञापत्र, ना हरकत, हे सगळं वेगळंच. घेणाऱ्याने आपल्या जिल्ह्यातून खरेदीची परवानगी आणायची. आमच्या गिऱ्हाइकांच्या परवान्याचं क्षेत्र कर्नाटकापुरतंच होतं. महाराष्ट्रातून नेण्यासाठी वाटेपुरती निराळी परवानगी लागली, तिच्यात आणखी तीन आठवडे गेले. पैशांचं विचारू नका, बरेचसे फेऱ्यांतच संपले.

कचेरीतले कारकून दर खेपेला विचारत, "परवाना आणलात?" आणि आम्हाला आमचा आठवीचा वर्ग आठवे. तिथे आम्ही शमा आणि परवाना शिकवतो. शमेवर झेप घेऊन जळून जाणारा तो जीव. फारसीतून आलेला शब्द एकच, एका अर्थाने जळायचं, दुसऱ्याने रांगेत उभं राहायचं. मुलांना हे सांगितलं तर त्यांना फार गंमत वाटली.

४५ दिवसांनी काहीच झालं नाही. ७१ व्या दिवशी खानापूरचे गृहस्थ एसटीने आले. आम्ही ठाण्यात गेलो. हवालदारांनी मालखान्यातून बंदूक काढली, नळीवरचा क्रमांक मोठ्याने वाचला, आम्ही आमच्या कागदावरचा वाचला, त्यांनी त्यांच्या. तिघांचे आकडे जुळले. नळी आत गंजली होती. आम्हाला लाज वाटली. दादा दर जुम्म्याला तेल देत.

"मास्तर, तुम्ही कधी चालवली का?" त्यांनी विचारलं.

"नाही. रिकामी काडतुसं वेचायचो."

ते हसले. बंदूक त्यांनी आपल्या खोळीत घातली आणि अम्मींनी जिच्यात गुंडाळून दिली होती ती चादर घडी करून आमच्या हातात ठेवली. म्हणाले, "ही घरची आहे, राहू द्या." एसटी स्टँडपर्यंत आम्ही बरोबर गेलो. गाडी सुटेपर्यंत कागदांची फाईल त्यांनी छातीशी धरली होती, बंदुकीपेक्षा जास्त जपून.

घरी आलो तर अम्मींनी काही विचारलं नाही. चादर धुतली, वाळत घातली. ओटीवरच्या ज्या खुंटीला दादांच्या काळी बंदूक असे, तिला हल्ली छत्री असते.