कुठियेतलं बी

मऊरानीपुर हे झाशी जिल्ह्यातलं, सुखनई नदीकाठचं तहसीलीचं गाव. आसपासच्या खेड्यांत शेत नांगरतो पुरुष, पण पुढच्या हंगामाचं बी राखते घरातली बाई. चूल, लेकरं, म्हशीचं दूध, निंदणी, कापणी हे सगळं तिच्याकडे असतंच. मात्र गावात तिची पारख होते ती कुठियेवरून. कुठिया म्हणजे माती-भुशाची उभी कणगी. ती कशी थापतात हे इथं सांगत बसण्यात अर्थ नाही. ज्या हातांना ते येतं त्यांना सांगावं लागत नाही.

गहू फारसा त्रास देत नाही. तीळ तर इतका बारीक की बिघ्याचं बी लोट्यात मावतं. खरा छळ हरभरा, मसूर आणि मटारचा. भुंगा घरात शिरतो असं वाटतं, पण बऱ्याचदा तो शेतातल्या शेंगेवरच अंडी घालतो आणि दाण्याच्या पोटात बसून घरी येतो. खाण्याच्या हरभऱ्याची लवकर डाळ करून टाकली की प्रश्न मिटतो, कारण भुंग्याला अख्खा दाणा लागतो. बियाण्याची डाळ करता येत नाही. ते चैत्रापासून कार्तिकापर्यंत अख्खं आणि जिवंत राहायला हवं, आणि मध्ये अख्खा पावसाळा असतो.

सगळं अडतं ते एका प्रश्नाशी: दाणा पुरेसा वाळला कधी म्हणायचा? पुस्तक सांगतं, कडधान्यात ओल नऊ-दहा टक्क्यांच्या वर नको. अंगणात टक्के मोजायचं यंत्र नसतं. तिथं दात असतात. दाणा दाढेखाली धरावा. दबला तर ओला, कट्‌कन दुभंगला तर वाळला. पण ‘कट्‌’ आणि ‘कट्‌’ यांत फरक आहे. दुपारी उन्हातून उचललेला दाणा खोटं बोलतो. तोच रात्री गार झाल्यावर चावला तर नरम लागतो. म्हणून जाणती बाई दाणा पहाटे चावते. ज्येष्ठात झाशीकडे पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. सिमेंटच्या गच्चीवर भर दुपारी पसरलेलं बी वाळतं तसंच मरतंही. सकाळचं ऊन द्यावं, खाली गोणपाट घालावं, आणि भरण्याआधी रात्रभर गार होऊ द्यावं. गरम दाणा कुठियेत कोंडला की त्याला घाम सुटतो आणि आठवड्याभराची मेहनत बुरशीला जाते. मग कडुनिंबाचा वाळका पाला, वर चार बोटं कोरडी राख किंवा चाळलेली वाळू, आणि तोंड मातीनं लिंपायचं.

आता दात पडल्यावर काय? ही विद्या दाढेत असते आणि दाढ आधी जाते. म्हातारी सूप हलवून दाण्याचा आवाज ऐकते, मूठ खुपसून गारवा बघते, आणि शेवटी सुनेला म्हणते, ‘‘चाव, आणि कसा वाजला ते सांग.’’ सून सांगते ते तिला पटत नाही. दुसऱ्याच्या तोंडातला आवाज आपल्या कानांनी ऐकणं हे या कामातलं सर्वांत अवघड शिकवणं आहे. बी राखण्यात अहंकारही आहे, तो लपवू नये. दिवाळीच्या सुमारास शेजारीण बी मागायला आली की कुठिया फोडणारीची मान ताठ होते, आणि त्या ताठपणासाठी ती वर्षभर राबलेली असते.

बियाण्याचा कस लागतो तो मात्र त्याआधीच. श्रावणात कजलीसाठी आणि नवरात्रात जवाऱ्यांसाठी गहू-जवाचं बी टोपलीत, मडक्यात रुजवतात; आपल्या घटासारखंच. श्रद्धा आहेच, पण पेरणीच्या तोंडावर बियाण्याची उगवणही त्यात दिसते. हरभऱ्याचे शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून वेगळे पाहावे लागतात.

पत्र्याची कोठी आली. तिला उंदीर लागत नाही हे खरं, पण ओला दाणा तिच्यात मातीपेक्षा लवकर कुजतो, कारण पत्रा ओल पीत नाही. कीड मारायच्या विषारी गोळ्या लेकरं झोपतात त्या खोलीतल्या धान्यात ठेवणं हा तर शुद्ध अविचार आहे. पिशवीतलं बी सोयीचं असतं आणि पैसेवाल्याला परवडतं. बुंदेलखंडात पाऊस दगा देतो, मोकाट ‘अन्ना’ गुरं उभं पीक खातात, पुरुष मजुरीला दिल्ली-सुरत गाठतात. अशा घरात दुबार पेरणीला बाजारातून बी आणायला पैसा उरत नाही. तेव्हा कुठियेतलंच बी शेतात जातं.

आपल्याकडे, महाराष्ट्रात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना बियाणं जपण्यासाठी पद्मश्री मिळाली, ती २०२० च्या यादीत. झाशीत २०१४ पासून राणी लक्ष्मीबाईंच्या नावाचं केंद्रीय कृषी विद्यापीठ आहे. तिथल्या तज्ज्ञांनी वैशाखात ओल मोजायचं यंत्र घेऊन मऊरानीपुरच्या अंगणांत यावं, म्हाताऱ्यांची पारख आणि यंत्राचे आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत, आणि जे जुळेल ते सुनांना शिकवावं. हे काम त्या म्हाताऱ्या आहेत तोवरच होऊ शकतं.