अंगणातील वाळा

बागेत गवत दिसले की ते उपटून टाकावयाचे, हा आपल्या घरोघरीचा नेम आहे. म्हणून 'शोभेसाठी गवत लावा' असे कोणी सुचविले, तर आपणांस प्रथम हसूच येईल. माझ्या टेबलावर मात्र अशी सूचना करणारे लेख अनुवादासाठी अधूनमधून येतात. ते थंड देशांतील बागांसाठी लिहिलेले असतात. पंपास गवताच्या पांढऱ्याशुभ्र तुऱ्यांचे वर्णन मराठीत उतरविताना माझ्या मनात येते, हे वाचून सोलापूरच्या किंवा नांदेडच्या गृहिणीने करावयाचे काय? तिच्या दारात शोभेल, वैशाखाचे ऊन सोशील आणि एकदा लावले म्हणजे वर्षानुवर्षे टिकेल, असे एखादे गवत आपल्याकडे नाही काय?

वाचकहो, असे गवत आहे, आणि आपण सारे त्याला ओळखतो. ते गवत म्हणजे वाळा. परंतु आपली ओळख केवळ त्याच्या मुळाशी आहे. उन्हाळा आला की आपण बाजारातून वाळ्याची जुडी आणून माठात टाकतो, खिडकीला वाळ्याची ताटी लावून तिच्यावर पाणी शिंपडतो, कपड्यांच्या घडीत दोन काड्या ठेवतो. संस्कृतात याला उशीर म्हणतात. 'शाकुंतला'च्या तिसऱ्या अंकात उन्हाने पोळलेल्या शकुंतलेसाठी प्रियंवदा जो लेप घेऊन जाते, तो याच उशीराचा. इतका जुना स्नेह असूनही, वाळ्याचे झाड कसे असते असे विचारले तर आपल्यांतील पुष्कळजण गप्प राहतील.

ते झाड म्हणजे पुरुषभर उंचीचे एक दाट बेट असते. पाती अरुंद, ताठ आणि कडेला किंचित खरबरीत. टोकाकडे ती कमानीसारखी वाकतात आणि वाऱ्याबरोबर सळसळतात. पाने चुरगळून हुंगली तर सुवास जवळजवळ नाहीच. सारा सुगंध जमिनीखाली. ही मुळे गवताच्या मुळांसारखी आडवी पसरत नाहीत. ती सरळ खाली जातात आणि चांगल्या जमिनीत तीनचार मीटर खोलवर पोहोचतात. म्हणून शेजारच्या फुलझाडांना वाळ्याचा उपद्रव नसतो. तमिळ भाषेत याला 'वेट्टिवेर' म्हणतात. 'वेर' म्हणजे मूळ आणि 'वेट्टु' म्हणजे तोडणे, खणणे. खणून काढावयाचे मूळ, असा त्या नावाचा अर्थ. हाच शब्द फ्रेंच भाषेतून इंग्रजीत गेला आणि आज जगभर वापरला जातो. आपण वाळ्याकडे आजवर कोणत्या दृष्टीने पाहिले, हे या एका शब्दात साठविलेले आहे. ही दृष्टी पुरेशी नाही, हे मला तमिळनाडूतल्याच एका खेड्याने दाखविले.

कुंभकोणमपासून थोड्या अंतरावर, स्वामीमलैच्या बाजूस, इन्नंबूर नावाचे गाव आहे. कावेरीच्या गाळाची जमीन, भाताची खाचरे आणि खाचरांना पाणी पोहोचविणारे पाट, असा तो प्रदेश. गावात एळुत्तरिनाथर या नावाने शिवाचे प्राचीन मंदिर आहे. अक्षरे जाणणारा देव, असा त्या नावाचा अर्थ; संस्कृतात त्याला अक्षरपुरीश्वर म्हणतात. संत अप्पर यांनी आपल्या तेवारम्‌ पदांतून या स्थळाचे स्तवन केले आहे. मुलांना शाळेत घालण्यापूर्वी येथे आणून अक्षरारंभ करविण्याची प्रथा आहे. अक्षरांवर पोट भरणाऱ्या माझ्यासारखीला या देवाविषयी विशेष आपुलकी वाटली, तर नवल नाही.

या गावी माझ्या थोरल्या मावशीचे सासर. ती मूळची वाईची. १९७० साली लग्न होऊन एका तंजावरी मराठी कुटुंबात गेली. १६७६ साली व्यंकोजीराजांनी तंजावरास मराठी राज्य स्थापिले. १८५५ साली शेवटचे राजे शिवाजी यांच्या निधनानंतर ते संपले. राज्य गेले, परंतु त्याच्याबरोबर दक्षिणेस आलेली कित्येक कुटुंबे तेथेच रुजली. त्यांची शाळा तमिळ, बाजार तमिळ, शेजारही तमिळ. मराठी राहिली ती घरात. "सासूबाईंचं मराठी मला पहिले सहा महिने निम्मंच कळायचं," असे मावशी हसत हसत सांगते. पुढे त्याच भाषेत तिने आपली मुले वाढविली.

मावशीच्या घराच्या परसामागून एक पाट जातो. त्याच्या काठाने, बांधाला धरून, वाळ्याची लांब रांग आहे. ती तिच्या सासूबाईंनी लावलेली. दुरून पाहिले तर कोणी हौसेने हिरवी भिंत उभारली आहे असेच वाटावे. आपल्याकडे पाऊस सरत येतो तेव्हा त्या भागात त्याचा खरा जोर सुरू होतो. आश्विन-कार्तिकात पाट तुडुंब भरून वाहतो, आणि उघड्या काठांची माती ढासळून पाण्याबरोबर जाते. वाळ्याची रांग आहे तेवढा बांध मात्र जागचा हलत नाही. वरच्या दाट पातींशी पाण्याचा वेग मोडतो, वाहून आलेला गाळ तेथेच बसतो आणि खालची मुळे मातीला शिवून ठेवतात.

ही रांग वाढविण्याचे काम मी मावशीजवळ बसून पाहिले आहे. दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या लागवडीत असलेल्या वाळ्याला तुरे क्वचितच येतात, आणि आले तरी त्यांतून रुजण्याजोगे बी मिळत नाही. तो वाऱ्याने पसरत नाही, आणि पाखरांकडूनही पसरत नाही. कोणी आपल्या हाताने ठोंब काढून दुसऱ्याच्या हाती दिले, तरच तो एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जातो. सासूबाईंनी पहिली ठोंबे आपल्या माहेराहून आणली होती, आणि त्यांच्या आईला ती आणखी कोणी दिली होती. त्या घरातील मराठीचे तरी याहून निराळे काय होते? तिलाही एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती दिल्यावाचून गत्यंतर नव्हते.

ज्यांना वाळा लावावयाचा असेल त्यांनी पावसाळ्याच्या आरंभी लावावा. जुन्या बेटाचा एक भाग कुदळीने सोडवून घ्यावा आणि दोनतीन फुटवे एकत्र राहतील अशी ठोंबे हातांनी वेगळी करावीत. पाती वीतभर ठेवून वरचा भाग छाटावा, मुळे चार बोटे ठेवून कापावीत. अशी ठोंबे ओल्या गोणपाटात गुंडाळली तर प्रवासही सोसतात. बांधासाठी रांग करावयाची तर दोन ठोंबांत दहा ते पंधरा सेंटिमीटर अंतर पुरे. शोभेसाठी एकच बेट हवे असेल तर त्याला चोहोबाजूंनी हातभर जागा सोडावी. जागा मात्र उन्हाची असावी. वाळा पाण्याचा ताण सोसतो, काही काळ पाण्यात उभाही राहतो, परंतु सावलीत तो खंगतो. पहिले दोनतीन महिने पाणी चुकवू नये. पुढे वर्षातून दोनतीनदा गुडघ्याच्या उंचीवर छाटणी केली की नवे फुटवे येऊन बेट दाट होते. छाटलेली पाती झाडांच्या बुडाशी आच्छादन म्हणून पसरावीत.

आता प्रश्न मुळांचा. दीड ते दोन वर्षांत मुळांना चांगला सुवास येतो, आणि ती हवी असतील तर सारे झाड खणावे लागते. सपाट शेतात लावलेला वाळा खणण्यात काहीच वावगे नाही. कडलूरच्या किनाऱ्यालगतच्या रेताड जमिनीत त्याची शेती होते, आणि त्यावर कुटुंबे चालतात. उतारावर मात्र गोष्ट वेगळी. वाळ्याच्या तेलासाठी प्रसिद्ध असलेल्या हैती देशात डोंगरउतारांवर मुळे खणल्याने मोकळी झालेली माती पावसात वाहून जाते. जे गवत मातीला सर्वांत घट्ट धरते, ते उपटले की तीच माती सर्वांत सहज सुटते. याउलट कर्नाटकातील गुंडलुपेट भागातील शेतकरी फार पूर्वीपासून शेताच्या हद्दीवर वाळा लावीत आणि तो जागेवरच ठेवीत आले. १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या कृषितज्ज्ञांनी त्यांची ही रीत पाहिली. मृदसंधारणासाठी वाळ्याच्या रांगांचा पुढे अनेक देशांत जो प्रसार झाला, त्याला तिचा आधार मिळाला.

हाच प्रश्न २०२२ साली मावशीच्या परसात उभा राहिला. काका निवर्तल्याला तीन वर्षे झाली होती, गुडघे चालेनासे झाले होते, आणि मावशीने पुण्यास मुलाकडे येऊन राहावे असे ठरले. घराचा सौदा झाला. माझ्या मावसभावांचे म्हणणे असे पडले की, आजीच्या हातचा वाळा आहे, तो परक्यांसाठी का सोडावा? सारी रांग खणावी, मुळे सर्व नातेवाइकांस आठवण म्हणून वाटावीत. म्हणणे प्रेमापोटी होते, आणि मलाही प्रथम ते पटले. मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मुळं काय रे, बाजारात पैसे टाकले की मिळतात. बांध कुठे विकत मिळतो? कार्तिकात इथं पाणी येईल तेव्हा या घरात दुसऱ्या कुणाची तरी लेकरं असतील."

कोणी वाद घातला नाही. रांगेच्या टोकाची दोन बेटे सोडवून त्यांची ठोंबे करण्यात आली. काही शेजारणींनी नेली, काही घर घेणाऱ्या बाईंना मावशीने स्वतः लावून दाखविली, आणि बारा ठोंबे गोणपाटात बांधून रेल्वेने पुण्यास आली. उरलेली रांग आजही तेथे उभी आहे.

पुण्यास तिसऱ्या मजल्यावर बांध नाही आणि पाटही नाही. दोनशे लिटरच्या एका पिंपाला तळाशी भोके पाडून, खाली खडी व वर रेतीमिश्रित माती भरून गच्चीत वाळा लावला आहे. पिंपात मुळांना खोल जाता येत नाही. ती तळाशी वेटोळी घालतात. म्हणून दर दोनतीन वर्षांनी बेट काढून विभागावे लागते, आणि तेव्हा निघालेली मुळे माठासाठी मिळतात. गच्चीत वाळा खणल्याने कोणाची माती वाहून जात नाही. संध्याकाळच्या वाऱ्यात ते बेट डोलू लागले की खालून जाणारे लोक मान वर करून पाहतात.

मावशीचा वेळ मात्र जाता जात नाही. पन्नास वर्षांत तिची मराठी सासरच्या वळणाची झाली आहे. दुकानदार तिला "आजी, तुम्ही मूळच्या कुठल्या?" असे विचारतात, तेव्हा वाईत जन्मलेली ही बाई क्षणभर गोंधळते. तिच्या वळणाची मराठी बोलणारे आता घरात तिचे मुलगे तेवढे. नातवंडांना ती समजते, पण बोलता येत नाही. अलीकडे तिने धाकट्या नातीला वाळ्याची छाटणी शिकविण्यास घेतली आहे. काम चालू असताना ती बोलते तिच्या त्याच मराठीत. नात कधी हसते, कधी अर्थ विचारते, आणि एखादा शब्द नकळत उचलते.

वाचकहो, वाळा लावण्याची इच्छा आपणांस झाली तर बियांच्या दुकानात जाऊ नका. तेथे तो मिळावयाचा नाही. रोपवाटिकेत चौकशी करा, अथवा ज्याच्या बांधावर किंवा अंगणात वाळा असेल त्याच्याकडून एक ठोंब मागून आणा. दोन वर्षांत ते बेट एवढे होईल की, मागावयास येणाऱ्या कोणालाही आपणांस रिकाम्या हाताने परत पाठवावे लागणार नाही.