मालकीचा ट्रक

उधव्याच्या एका शेतकरी स्नेह्यांनी आम्हांस विचारले, "सर, जुना ट्रक घेतला, आपलेच भात नि आपलाच पेंढा वाहिला, भाडे कोणाचे घेतले नाही, तर ट्रक खाजगीच ना?"

प्रश्न दिसतो तितका भाबडा नव्हे. १९३९ च्या मोटार कायद्यात केवळ स्वतःचा माल वाहणाऱ्यास 'प्रायव्हेट कॅरिअर' म्हणून निराळे परमिट मिळे. ट्रकांच्या कपाळी अजूनही आढळणारे 'पब्लिक कॅरिअर' हे शब्द त्याच भेदाची खूण होत. १९८८ च्या कायद्याने तो भेद पुसला. मालवाहू वाहन रिकामे धावले तरी मालवाहूच. पाटी पिवळी, आणि गाडी व माल मिळून वजन ३००० किलोंवर जाणारे असले की परमिट आलेच. मोटारीच्या लायसन्सवर ७५०० किलोंपर्यंतचे मालवाहू वाहन हाकता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये कायम केले. त्यापुढे लायसन्सही वेगळे. उधव्याहून दादरा-नगर हवेलीची सीमा जवळ. ती ओलांडावयाची तर तिकडे चालेल असे परमिट हवे.

माल आपला म्हणून ओझे हलके होत नाही, हे आम्हांस मान्य. तलासरीच्या हमरस्त्यावर सायकलीने जाणाऱ्या पोरास मालाचा मालक कोण, याच्याशी काय कर्तव्य? म्हणून लायसन्सात व ब्रेकच्या तपासणीत सूट नकोच. परंतु परमिट ही धंद्याची बाब. धंदा न करणाऱ्या शेतकऱ्यास भाडेकऱ्यांच्या रांगेत उभे करण्यापेक्षा १९३९ चा तो भेद आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो.